टक्केवारीचे रविवार

रविवार, ७ जानेवारी

आज ठमी आली आणि संध्याकाळपर्यंत थांबली. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

एरवी ती रविवारी येते म्हणजे दारात बूट काढते, सोफ्याच्या कडेवर टेकते, मी विचारतो “काय म्हणतेस?”, ती म्हणते “काही नाही”, मग मी चहा टाकतो. चहा संपला की भेट संपते. मी वेगळा राहायला लागल्यापासून चार वर्षं असंच चाललंय. तिची आई आणि मी कडाक्याचं भांडून वेगळे झालो असतो तर निदान बोलायला विषय तरी असता. आमचं नुसतंच विझलं. त्याबद्दल मुलीशी काय बोलणार?

आज ती सहज म्हणाली, की एप्रिलमध्ये कॉलेजची प्रवेशपरीक्षा आहे. मी विचारलं, गणित असतं का? म्हणाली, निम्मा पेपर तोच. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मग मी शिकवतो की!”

“तू?”

“का? डिप्लोमाला गणितात वर्गात दुसरा होतो मी.” (चौथा होतो. पण तिसरा आजारी होता.)

तिने बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, “टक्केवारी नाही जमत मला, बाबा.”

बसलो. एखाद्या वस्तूची किंमत आधी वीस टक्क्यांनी वाढवली, मग वीस टक्क्यांनी कमी केली, तर ती मूळच्या किमतीला येते का? ती म्हणाली, येते. मी म्हटलं, अगं, लिफ्ट वीस मजले वर गेली नि वीस मजले खाली आली तर जागेवर येते, पण टक्के म्हणजे मजले नव्हेत. वर गेल्यावर मजलेच मोठे होतात असं समज, मग उतरताना जास्त उतरशील. तिला फार आवडलं ते. हसली. माझ्या लिफ्ट-दुरुस्तीच्या धंद्याचा कुणाला तरी उपयोग झाला.

जाताना म्हणाली, “उरलेलं पुढच्या रविवारी करू.”

पुढच्या रविवारी! हे शब्द तिने याआधी कधी उच्चारलेले मला तरी आठवत नाहीत.

शुक्रवार, १२ जानेवारी

परीक्षेचं पुस्तक आणलं. विटेएवढं जाड आहे. कामावर जेवणाच्या सुट्टीत गच्चीवरच्या मशीनरूममध्ये बसून वाचतो. खाली दोर सरकत असतात, मोटर घुमत असते, झक्कास लक्ष लागतं. पण एक गोष्ट डोक्यात शिरत नाही. निकालात टक्के देत नाहीत, ‘पर्सेंटाइल’ देतात. ते टक्केच ना? मग वेगळं नाव कशाला?

ठमीला विचारलं तर बाप उघडा पडेल. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना विचारावं. त्या निवृत्त होईपर्यंत असल्या परीक्षांचे प्रश्न तयार करायच्या, असं जिन्यात कुणीतरी बोललं होतं. (आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टवाला जिने चढतो, हा इथला जुना विनोद आहे.)

शनिवार, १३ जानेवारी

बाईंकडे गेलो. घरात मांजर आणि कोडी. त्यांनी मला बसवून विचारलं, “परीक्षा कोण देतंय?” म्हटलं, मुलगी. “मग ती का नाही आली?” म्हटलं, शिकवणारा मी आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

पण समजावलं छान. पर्सेंटाइल म्हणजे तुम्हाला किती आलं ते नव्हे, तुमच्या मागे किती जण उभे आहेत ते. नव्वद म्हणजे शंभरातले नव्वद मागे.

“म्हणजे रांगच की,” मी म्हटलं.

“रांगच. फक्त हिच्यात कोणी कोणाला दिसत नाही.”

आणखी एक गंमत सांगितली. चार पर्यायांतले तीन चुकीचे असतात ना, ते उगाच भरायचे म्हणून भरलेले नसतात. एक पर्याय घाईत वाचणाऱ्यासाठी, एक भागाकार विसरणाऱ्यासाठी, एक सूत्र उलटं लावणाऱ्यासाठी. मुलं कुठे घसरतात ते ओळखून तिथे तिथे पर्याय मांडायचे. “बरोबर उत्तर लिहायला मला मिनिट लागायचं,” बाई म्हणाल्या, “चुकीची उत्तरं लिहिण्यात माझी अख्खी नोकरी सरली.”

रविवार, २८ जानेवारी

सलग चौथा रविवार. ठमी जेवायलाच येते आता. मी भाजी चिरतो, ती गणितं वाचून दाखवते. आज पुन्हा वीस टक्के वर, वीस टक्के खाली. पुन्हा म्हणाली, “जागेवर येते.” मी पुन्हा लिफ्ट चढवली, उतरवली. तिने पुन्हा हात गालाला लावून सगळं ऐकून घेतलं, जसं काही पहिल्यांदाच ऐकतेय.

एवढी हुशार पोर, पण हा एक दोर कुठेतरी अडकलाय. अडकला तर अडकला, मी काढीन.

बुधवार, १४ फेब्रुवारी

तिच्या आईचा फोन. आम्ही महिन्यातून एकदा कामापुरतं बोलतो.

“रविवारी काय करता रे तुम्ही दिवसभर?”

“टक्केवारी.”

“टक्केवारी?” ती थांबली. “अरे, मागच्या वर्षी खालच्या घरातल्या दोघा पोरांना तिनेच शिकवली टक्केवारी.”

आत्ता कळलं गोंधळ कुठून आला ते. आपलं पक्कं नसताना दुसऱ्याला शिकवायला गेलं की असंच होतं. मी तिच्या आईला तसं म्हटलं. ती म्हणाली, “बरं. तुला जमतंय तर शिकव.” चार वर्षांत पहिल्यांदा तिने मला काही जमतंय असं म्हटलं.

रविवार, ३ मार्च

ठमीने दोन कॉलेजांची माहिती दाखवली. एक इथलंच, बसने जाण्यासारखं. दुसरं आगगाडीने रात्रभराच्या अंतरावर. तिला पाण्याचा अभ्यास करायचा आहे, नद्या, धरणं, जमिनीखालचं पाणी. तो विषय लांबच्या कॉलेजात नीट शिकवतात. प्रयोगशाळेचे फोटो दाखवताना तिचा आवाजच बदलला. मात्र तिथे पर्सेंटाइल फार वरचं लागतं.

मग फोन बंद करून म्हणाली, “लांब गेले तर रविवारचं काय?”

“रविवारी तिथेही अभ्यास करायचा! सुट्टीच्या दिवशी तर चांगला होतो.”

“हं,” म्हणाली.

माझ्यापुरतं खरं सांगायचं तर जवळच्या कॉलेजचं नाव ऐकून मला आत कुठेतरी ऊब वाटली. तीन वर्षं रविवार. पण बापाने असलं बोलायचं नसतं. तिचं तिला मिळावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. आजपासून दुप्पट गणितं.

शनिवार, २३ मार्च

दुप्पट गणितांनी उलटंच झालं. मागच्या रविवारी अवघड म्हणून दहा गणितं दिली, तर दहाच्या दहा चुकली. घाबरून बाईंकडे गेलो. त्यांनी ठमीच्या खुणा पाहिल्या. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

“तुम्ही डोळे मिटून खुणा केल्या,” त्या म्हणाल्या, “तर दहातले किती बरोबर येतील?”

“चार पर्याय... दोन-तीन तरी.”

“आणि हिचं एकही नाही.”

“म्हणजे फारच कच्ची आहे,” मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं, की मला वाटलं माझ्या तोंडाला काही लागलंय. “इतकं नेमकं चुकायला,” त्या म्हणाल्या, “काय लागतं माहीत आहे का?”

“काय?”

त्यांनी मांजराला मांडीवर घेतलं. “चहा घ्या,” म्हणाल्या.

रविवार, २१ एप्रिल

परीक्षा झाली. केंद्राच्या फाटकासमोर मी एका बाजूला उभा, तिची आई दुसऱ्या बाजूला. सगळ्या पोरांचे आई-बाप असेच फाटकाकडे डोळे लावून होते. ठमी बाहेर आली ती शांत होती. “कसा गेला?” दोघांनी एकदमच विचारलं. “ठीक,” म्हणाली आणि दोघांच्या मधून चालत राहिली. रस्ता संपेपर्यंत आम्ही तिघं एका ओळीत चाललो. लहानपणी ठम ठम पाय आपटत चालायची, म्हणून तर ठमी. आता पाय वाजत नाहीत.

मंगळवार, १४ मे

निकाल लागला. भाषेत नव्याण्णव. गणितात एकसष्ट. जवळच्या कॉलेजला पुरेल, लांबच्याला नाही.

तिच्या आईचा फोन आला. रागावली असती तर बरं झालं असतं. “शाळेत कधी गणितात मागे नव्हती रे,” एवढंच म्हणाली. म्हणजे शाळेपर्यंत ठीक होती आणि मी हात लावला तेव्हा बिघडली. लिफ्टच्या धंद्यात अशा माणसाला आम्ही चालती लिफ्ट उघडणारा म्हणतो. चालत असते तोवर ती उघडायची नसते.

ठमीला फोन केला. “अगं, जवळचं कॉलेजही चांगलंच आहे,” म्हटलं. “हो ना!” म्हणाली. नको इतक्या आनंदाने म्हणाली. माझं मन राखायला.

बुधवार, १५ मे

बाईंना निकाल सांगितला. त्या म्हणाल्या, जूनमध्ये पुन्हा देता येते, दोन्हींतले चांगले गुण धरतात. मी म्हटलं, मग मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन...

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही तिला शिकवणं बंद करा.”

मी उठायला लागलो. त्यांनी हाताला धरून खाली बसवलं.

“शिकवणं बंद करा म्हटलं. येऊ नको म्हणून सांगा असं नाही म्हटलं. गणिताशिवाय बोलवा.”

“गणिताशिवाय काय करायचं?”

“ते मला कसं माहीत असणार?” बाई म्हणाल्या. “मला मूल नाही. मी आयुष्यभर मुलांच्या चुका तेवढ्या ओळखत आले.”

वाईट वाटलं. पण त्या यातल्या तज्ज्ञ. माझं शिकवणं एवढं वाईट असेल, तर कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

रविवार, १९ मे

ठमी पुस्तक घेऊन आली. मी ते कपाटावर ठेवलं.

“आजपासून गणित नाही,” मी म्हटलं. “जूनची परीक्षा तू तुझी दे, हवी तशी. माझ्याकडून शिकायचं नाही.”

तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिला घराबाहेरच काढतोय. “मग मी येऊ नको?”

“ये ना! रोज येतेस तशी ये. म्हणजे रविवारी.”

“आणि काय करायचं?”

मी रात्रभर याचं उत्तर शोधलं होतं आणि सापडलं नव्हतं. “काही नाही. बसू,” म्हटलं.

ती सोफ्यावर बसली. मी खुर्चीवर बसलो. चहा झाला. एरवी चहा संपला की भेट संपायची, म्हणून मी कप उचलायला उठलोच नाही. थोड्या वेळाने ती आडवी झाली, मग डोळा लागला. दुपारभर झोपली. मी पंखा कमी केला, वाढवला, परत कमी केला. चार वर्षांत तिला झोपलेलं पाहिलं नव्हतं. तोंड थोडं उघडं राहतं, अजूनही.

उठल्यावर म्हणाली, “बाबा, तू उठवलं का नाहीस?”

“काही काम नव्हतं ना.”

ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम रडू लागली. परीक्षेचं दडपण असणार. मी पाठीवर हात ठेवला. तेवढं जमलं.

रविवार, २ जून

आज तिनेच हट्ट धरला, मी काम करतो ती जागा बघायची. सुट्टीच्या दिवशी इमारत रिकामी होती. मशीनरूम दाखवली, मोटर दाखवली, दोराच्या दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन कसं असतं ते सांगितलं. मग आम्ही गच्चीच्या कठड्याशी उभे राहिलो. सगळं शहर खाली.

“आईची नि माझी बिल्डिंग दिसते का रे इथून?”

“ती बघ. निळ्या टाकीच्या उजवीकडे. वरून दुसरी गॅलरी. आज टॉवेल वाळत घातलाय.”

“एवढ्या गर्दीत लगेच कशी सापडली तुला?”

“इथेच डबा खातो मी.”

तिने माझी बाही धरली. उंचीची भीती वाटली असेल. विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली, पण परत येईपर्यंत माझी बाही सोडली नाही. बसमध्ये चढताना म्हणाली, “बाबा, मी लांबच्या कॉलेजात गेले तर तू काय करशील?”

मी म्हटलं, “मला आठवण येईल.” बापाने बोलायचं नसतं ते बोललो. मग घाईने म्हटलं, “पण तू जा. तुझ्या नद्या तिकडे आहेत.”

बस सुटेपर्यंत ती खिडकीतून हात हलवत होती.

शुक्रवार, १२ जुलै

जूनच्या निकालात गणितात नव्याण्णव पूर्णांक काहीतरी! त्या पूर्णांकाच्या पुढचे आकडे मी बाईंना तीनदा वाचून दाखवले. लांबच्या कॉलेजात प्रवेश पक्का.

“बघा,” मी म्हटलं, “मी शिकवणं थांबवलं आणि केवढी वर गेली!”

बाई हसता हसता थांबल्या. “तुम्ही तिला काहीच शिकवलं नाहीत असं नाही हो,” म्हणाल्या. मनाने चांगल्या आहेत. माझं दुःख हलकं करायला बघतात.

रविवार, ११ ऑगस्ट

स्टेशनवर आम्ही तिघं होतो. सामान चढवून झाल्यावर ठमीने आईला मिठी मारली, मग मला. मला मारलेली जरा जास्त वेळ टिकली असं मला वाटलं, पण ते मोजायचं नसतं.

गाडी गेली. फलाट एकदम रुंद झाला. परत चालताना तिची आई म्हणाली, “एक सांगू? ती चौदा वर्षांची होती तेव्हाच तिला ती टक्केवारी येत होती.”

माझा वाटा कमी करायची तिची जुनी सवय. पण आज तिचे डोळे भरलेले होते, त्यामुळे वाद घातला नाही. कोपऱ्यावर तिची बस उभी होती. ती चढली, आणि खिडकीतून म्हणाली, “बरं झालं ती तुझ्याकडे यायची.”

घरी आलो. सोफ्यावर बसलो, मग खुर्चीवर बसलो. दोन्हीकडून खोली सारखीच दिसली.

रविवार, ८ सप्टेंबर

आज फोनवर ठमी नदीकाठी गेल्याचं सांगत होती. वर्गातली सगळी मिळून पाण्याचा वेग मोजायला गेली होती, गुडघाभर पाण्यात उभी राहून. तिचा बूट वाहून गेला, तो मुलांनी धावत जाऊन पकडला. मी खूप हसलो. मग दोघांनीही फोन नुसताच धरून ठेवला. तिच्याकडे कुणीतरी बादली ओढत होतं, माझ्याकडे खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “इकडे ये ना.”

मी ताडकन उठलो. “काय झालं? बरं नाही का? पैसे हवेत? अभ्यास अडलाय?”

“नाही रे. काही नाही झालं. ये नुसता.”

सोमवार, ९ सप्टेंबर

साहेबांकडे रजा मागितली. शनिवार, रविवार, सोमवार. साहेबांनी पेन उचलून विचारलं, कारण?

“मुलीकडे जायचंय. परगावी शिकते.”

“काही अडचण आहे का? काय काम काढलंय?”

मी कारण शोधायला लागलो. तिची फी, तिची तब्येत, तिची परीक्षा. सांगण्यासारखी पुष्कळ होती आणि त्यांतलं एकही खरं नव्हतं.

“काम काही नाही, साहेब,” मी म्हटलं.

साहेबांनी वर बघितलं. मग सही केली.